लूनाचा जुना रंग

मागच्या मे महिन्यात भाचा पुण्याहून आला आणि चहा व्हायच्या आत जिन्याखाली ठेवलेल्या अण्णांच्या लूनावरची चादर काढून उभा राहिला. जरा वेळ बघत बसला आणि म्हणाला, "मामा, ही फारच चकाचक आहे. हिला पॅटिना करू या."

मला आधी तो खायचा पदार्थ वाटला. मग त्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवले. पॅटिना म्हणजे जुनेपणाने चढलेला थर. तांब्याच्या घंगाळावरची हिरवट कळा, समईच्या सांध्यातला काळपटपणा, तसा. आणि हल्लीची हौस अशी की गाडी नव्याने रंगवायची, पण ती चाळीस वर्षं रंगवलेलीच नाही असं दिसलं पाहिजे!

कृती सोपी आहे. पत्र्यावर रेड ऑक्साइड, त्यावर एक रंग, मग पृष्ठभाग ओला करून जाडं मीठ भुरभुरायचं आणि वरून दुसरा रंग मारायचा. वाळल्यावर मीठ खरवडलं की रंग उडाल्यासारखे डाग राहतात. कडा पॉलिशपेपरने घासायच्या. खरा गंज हवा असेल तर उघड्या पत्र्यावर व्हिनेगर, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मीठ. काही मिनिटांत तांबूस गंज धरतो. शेवटी सगळ्यावर बिनचमकीचं लॅकर. म्हणजे म्हातारपण आणायचं, आणि आणलेलं वाढू नये म्हणून त्याला झाकण लावायचं. असो.

या हौसेला हसणं सोपं आहे, पण ती नवी नाही. फिलिप्पो बाल्दिनुच्ची या फ्लोरेन्सच्या लेखकाने १६८१ साली कलेच्या परिभाषेचा कोश काढला. त्यात 'पातिना' हा शब्द येतो, काळाने चित्रावर चढणारी काळसर छटा या अर्थी, आणि ती कधीकधी चित्राला मानवते असंही तो म्हणतो. पुढे लोकांना जुनं तेच चांगलं वाटू लागलं. १७६१ मध्ये विल्यम होगार्थने त्यावर एक चित्र छापलं. पंखवाला म्हातारा 'काळ' चिलीम ओढत बसलाय आणि समोरच्या चित्रावर धूर सोडतोय! गाड्यांच्या बाबतीत हा विचार फार उशिरा आला. २०१२ मध्ये फीवा या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ट्युरिनची सनद मंजूर केली. तिचा सूर असा की वाहनावरच्या वापराच्या खुणा हाही त्याचा इतिहास आहे, त्या पुसू नका. आणि काही बदललंच, तर ते ओळखू येईल असं करा आणि त्याची नोंद ठेवा.

ही सनद मी वाचली आणि मला आपण २०१० साली केलेला उद्योग आठवला.

आधी लूनाबद्दल. लूना आमच्या गावची. (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, माझ्या तोंडात नगरच बसलंय.) हस्तीमल फिरोदियांनी कायनेटिक इंजिनिअरिंग काढली, इटलीच्या पियाजिओच्या 'चाओ'चा परवाना घेतला आणि १९७२ मध्ये पन्नास सीसीची ही पेडलवाली गाडी आणली. नगर-दौंड रस्त्यावरचा कारखाना आमच्या पिढीला पाठ आहे. अण्णा पारनेर तालुक्यात शाळामास्तर होते. १९८३ पासून निवृत्त होईपर्यंत रोज लूनावर जा-ये. हँडलला डब्याची पिशवी, मागच्या कॅरिअरला कधी वह्यांचा गठ्ठा, कधी ज्वारी.

ते गेले २००९ साली. वर्षश्राद्धाच्या आधी मला वाटलं, त्यांची आठवण नीट ठेवावी. गाडी पेंटरकडे नेली. त्याने विचारलं, "साहेब, जुन्यावरच मारू, का पत्रा उघडा करू?" मी ऐटीत सांगितलं, एकदम पत्रा उघडा करा. त्याने रिमूव्हर लावून सगळं उतरवलं आणि मस्त लाल रंग दिला. त्याचं काम चोख होतं. आई मात्र गाडीकडे बघून एवढंच म्हणाली, "छान झाली. पण ही ह्यांची वाटत नाही रे." मी ते मनावर घेतलं नाही.

तर भाच्याने पहिला प्रयोग चेनच्या कव्हरवर केला. सुंदर गंज आणला, तांबूस, पापुद्रे सुटलेला. आणि तो बघूनच मला ते खोटं वाटलं. नगर पर्जन्यछायेतलं गाव. इथे गाडी गंजाने कमी आणि उन्हाने जास्त म्हातारी होते. ऊन रंगाला धरून ठेवणारी राळ खातं, मग रंगाची भुकटी सुटते. बोट फिरवलं तर खडूसारखी हाताला लागते. मडगार्डचा माथा फिका पडतो, बाजू तशाच राहतात. कोकणात वेगळं. तिथे खारी हवा आणि चार महिने पाऊस, गंज सांध्यातून फुगून येतो. भाच्याचे व्हिडिओ अमेरिकेतल्या थंड भागातले होते. तिथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे गाड्या खालून सडतात. अण्णांच्या लूनाने ते मीठ कधी पाहिलं?

"मग खरा रंग कोणता होता?" त्याने विचारलं. मी म्हणालो, लालच की.

पण खात्री वाटेना. आठवणीवर विसंबून चालत नाही. एसटीचंच घ्या. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढे लाल डबाच येतो. ती बेडफर्ड गाडी निळी होती, वर रुपेरी टप. नंतरच्या लाल रंगाने आधीचा आपल्या डोक्यातूनही पुसून टाकला.

आम्ही सीट काढली. सीटची नळी पट्टीत आवळलेली असते, त्या पट्टीखाली पेंटरचं रिमूव्हर पोचलं नव्हतं. रुपयाएवढा जुना रंग शिल्लक होता. भाच्याने पाण्यात पॉलिशपेपर भिजवून हळूच घासला. वर हिरवा, जाड, ब्रशच्या रेघांचा. त्याखाली निळा.

आईला विचारलं. ती म्हणाली, "निळीच घेतली होती. मग खिडक्यांच्या गजांना आणलेला ऑइलपेंट उरला, तो ह्यांनी फासला. तू तेव्हा किती चिडला होतास! कॉलेजात मित्र हसतील म्हणून."

मला हे अजिबात आठवत नव्हतं. चिडलो असेन. लाल रंग कुठून आला तेही मग आठवलं. मला तेव्हा मित्राची लाल गाडी हवी होती.

दुसऱ्या दिवशी भाच्याला रणगाड्यांचं संग्रहालय दाखवायला नेलं. लष्कराने १९९४ मध्ये उघडलेलं. तिथल्या रणगाड्यांवर नेटका रंग होता. लष्करात गाडी रंगवणं ही देखभाल, त्यात आठवणींचा प्रश्न नाही. भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे तुम्ही केलं ते चुकीचं नव्हतं." मुलगा चांगला आहे.

शेवटी आम्ही चेनच्या कव्हरवरचा गंज घासून काढला. कव्हर आणि मडगार्ड तेवढे निळे केले, त्यावर ब्रशनेच हिरवा ऑइलपेंट, आणि मडगार्डच्या माथ्यावर घासून जरा फिका. बाकी गाडी लालच ठेवली. हँडलच्या नळीवर डब्याच्या पिशवीने पडलेली खाच होती. पेंटरने तिच्यावरही लाल मारला होता, पण ती बुजली नव्हती. तिला हात लावला नाही. पट्टीखालचा रुपयाएवढा तुकडाही तसाच ठेवला आणि शेजारी खिळ्याने बारीक अक्षरांत कोरलं: निळा १९८३, हिरवा अण्णांनी, लाल मी २०१०, हे दोन भाग भाच्याने.

आईने जाता-येता मडगार्डवरून हात फिरवला आणि म्हणाली, हिरवा जरा जास्त गडद होता.