निंबर्ग्याची हेराल्ड

खंडेनवमीला आमच्या वाड्यात नांगर, तिफण, विळे आणि शिवणयंत्र यांच्या रांगेत शेवटी एक मोटार उभी असते. स्टँडर्ड हेराल्ड, १९६५ सालची, दोन दारांची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९६९ साली गुलबर्ग्याच्या एका वकिलांकडून घेतली. पाटीवर म्हैसूर राज्याची 'एमवाय' ही अक्षरे अजून आहेत. १९७३ साली राज्याचे कर्नाटक झाले, २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले, पाटी तीच राहिली. एकाच घरात एक मोटार इतकी वर्षे कशी टिकते, हे मला ह्या निमित्ताने सांगायचे आहे.

त्या काळी आपल्याकडे मोटार म्हणजे अँबॅसिडर, फियाट नाही तर हेराल्ड. हेराल्डचे मूळ विलायतेतले. ट्रायम्फ हेराल्ड तेथे १९५९ साली निघाली. तिचे रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखाटले. १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ती येथे बनवू लागली. तिची घडण त्या काळाच्या मानाने जुनाट होती. खाली स्वतंत्र लोखंडी सांगाडा आणि वर बोल्टने आवळलेले पत्रे. याला कारण होते. पत्र्याची अंगे पुरवणारा मोठा कारखाना १९५३ साली प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेला होता आणि अखंड कवच करून देणारे कोणी उरले नव्हते. त्या अडचणीने हेराल्डला दीर्घायुष्य दिले. पत्रा कुजला तर तेवढाच काढावा, नवा ठोकून बसवावा. अख्खे बॉनेट पुढे कलंडते, मिस्त्री चाकावर बसून इंजिन उघडतो.

ह्याच सांगाड्याची लांबी कमी करून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर ही दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स कार काढली. १९८० पर्यंत तीन लाखांहून अधिक स्पिटफायर बनल्या आणि विलायतेत त्या जिवापाड जपणारी माणसे आजही आहेत. आमची हेराल्ड तिची थोरली बहीण. त्यामुळे दोघींची दुखणीही एकच.

त्यातले एक दुखणे मला चांगलेच महागात पडले. पुढच्या चाकाचा खालचा सांधा पितळी असतो आणि त्यात आट्यांचा दांडा फिरतो. त्यात ग्रीस नव्हे, गियर ऑईल घालायचे असते. आळंदचे आमचे मिस्त्री हे दर वेळी बजावत. ते कन्नड, अण्णा मराठी, पुर्ज्यांची नावे इंग्रजी. दोघांचे कधी अडले नाही. काम झाले की मिस्त्री हात पुसत म्हणत, "गाडी छलो ऐत्री, अण्णावरे." एका वर्षी घाईत मी स्वतःच सगळीकडे ग्रीस भरले. पुढे अक्कलकोटच्या वाटेवर दांडा मोडला आणि चाक आत दुमडले. वेग कमी होता म्हणून वाचलो. अण्णा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाबा, जुनी वस्तू ठेवायची तर सांगितलेले ऐकायला हवे."

पुढे पेट्रोल महागले, तेव्हा जुन्या गाड्यांत डिझेल इंजिन बसवण्याची लाट आली. भावकीने आग्रह धरला. १९८८ च्या सुमारास कारखानाही गाड्या काढायचा थांबला, पुर्जे भंगारातून शोधावे लागू लागले. अण्णांनी इंजिन बदलले नाही. ९४८ सीसीचे तेच यंत्र दोनदा उघडून पुन्हा बांधले. आम्हाला तो हट्ट वाटला.

त्या हट्टाची किंमत २०२१ साली कळली. त्या वर्षी केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांवरची, मूळ सांगाडा व इंजिन राखलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पुतण्या आनंदाने अर्ज घेऊन आला. मी नियम पुढे वाचले. अशी गाडी रस्त्यावर काढायची ती प्रदर्शन, शर्यतवजा फेरी, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे किंवा दुरुस्ती एवढ्यासाठीच.

मी अर्ज परत दिला. ह्या गाडीतून गावच्या लेकी सासरी गेल्या, बाळंतिणी दवाखान्यात पोहोचल्या, तुरीच्या हंगामात अण्णा हिच्यातूनच बाजाराला गेले. ती शोभेची वस्तू झाली तर तिचे सगळे पुर्जे जागेवर राहतील, पण तिचे काम जाईल. म्हणून आम्ही साधी नोंदणीच ठेवली. दर पाच वर्षांनी तपासणी, कागद आणि फी.

पुतण्याचे म्हणणे चुकीचे नाही. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते. जुने रबर त्याने फुगते, म्हणून नळ्या आणि पंपाचा पडदा बदलावा लागला. मिस्त्री गेले, त्यांचा मुलगा मोटारसायकली पाहतो. उद्या मीही नसेन. सांभाळायला गाडीच उरते असे नाही, ती जाणणारा हातही उरावा लागतो.

म्हणून यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी पुतण्याला गाडीखाली झोपवले, हातात गियर ऑईलचा डबा दिला आणि म्हटले, "ग्रीस नाही हं, बाबा."