यूट्यूब-डीएल : प्रत जतन करण्याच्या हक्काचा इतिहास (थ्रेड)

१/ २३ ऑक्टोबर २०२० रोजी गिटहबवरील एक प्रकल्प अचानक दिसेनासा झाला. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांची संघटना असलेल्या ‘आरआयएए’ने त्याविरुद्ध कायदेशीर नोटीस बजावली होती. प्रकल्पाचे नाव यूट्यूब-डीएल. टर्मिनलमध्ये एक ओळ टंकली की ही आज्ञावली ऑनलाइन व्हिडिओ शोधून संगणकावर उतरवून देते. तिच्यावरील वादाची मुळे मात्र बरीच जुनी आहेत.

२/ या आज्ञावलीचा जन्म २००६ सालचा. स्पेनमधील रिकार्डो गार्सिया हा तरुण त्या वेळी घरी डायल-अप जोडणी वापरत असे. ५६ किलोबिट प्रतिसेकंद हा पूर्ण वेग मिळाला, तरी १० मेगाबाइटचा व्हिडिओ येण्यास सुमारे २४ मिनिटे लागत. अडखळत पाहण्यापेक्षा फाइल आधी उतरवावी आणि मग निवांत पाहावी, या साध्या गरजेपोटी त्याने पायथन भाषेत ही आज्ञावली लिहिली.

३/ आरंभीचे तंत्र सोपे होते. आज्ञावली व्हिडिओचे वेबपान मागवी, त्या पानाच्या मजकुरातून मूळ फाइलचा पत्ता हुडकून काढी आणि ती फाइल उतरवी. ब्राउझरही पडद्याआड हेच करत असे. फरक इतकाच की तो फाइल वापरकर्त्याच्या हाती देत नसे.

४/ पुढे व्हिडिओ पोहोचवण्याची पद्धतच पालटली. ॲपलने २००९ मध्ये ‘एचएलएस’ ही पद्धत आणली. तीत व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात आणि त्यांच्या पत्त्यांची यादी एका मजकूर-फाइलमध्ये ठेवली जाते. अनेक ठिकाणी चित्र आणि ध्वनीही वेगवेगळे येऊ लागले. त्यामुळे आज्ञावलीचे काम वाढले: यादी वाचणे, हवा तो दर्जा निवडणे, तुकडे क्रमाने गोळा करणे आणि एफएफएमपेग या साधनाच्या मदतीने ते सांधणे.

५/ आता थोडे मागे जाऊ. सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स हा घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर बाजारात आणला. पुढच्याच वर्षी युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी सोनीवर खटला भरला. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी मुद्रित करणे ही चोरी ठरते काय, हा त्यातील कळीचा प्रश्न होता.

६/ १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. ज्या यंत्राचा लक्षणीय वैध उपयोग होऊ शकतो, त्याच्या विक्रेत्याला ग्राहकांच्या गैरवापराबद्दल दोषी धरता येत नाही, हे तत्त्व त्यातून रूढ झाले.

७/ १९९८ मध्ये मात्र अमेरिकेत ‘डीएमसीए’ हा कायदा आला. कुलूप तोडणारे साधन बाळगून त्याचा वापर चांगल्या हेतूने केला, तरी ते साधन पुरवणे हाच गुन्हा ठरू शकतो, अशी तरतूद डिजिटल कुलुपांबाबत या कायद्याने केली. आरआयएएच्या २०२० मधील नोटिशीचा आधार हाच होता: यूट्यूबने व्हिडिओच्या पत्त्याला घातलेले कोडे म्हणजे कुलूप, आणि यूट्यूब-डीएल ते तोडते. शिवाय आज्ञावलीच्या चाचण्यांमध्ये काही प्रसिद्ध गाण्यांचे दुवेही होते.

८/ प्रकल्प हटताच त्याच्या प्रती जगभर पसरल्या. काहींनी तर गिटहब ज्या ठिकाणी अशा नोटिसा प्रसिद्ध करते, नेमक्या त्याच भांडारात यूट्यूब-डीएलचा स्रोतसंकेत नेऊन ठेवला!

९/ विकासकांच्या वतीने ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ने उत्तर दिले. ते कोडे सोडवण्याची कृती यूट्यूब स्वतःच प्रत्येक प्रेक्षकाच्या ब्राउझरकडे पाठवते. यूट्यूब-डीएल तीच कृती करते. व्यापारी कूटबद्धतेने संरक्षित चित्रपट ते उलगडत नाही. हे उत्तर ग्राह्य मानून १६ नोव्हेंबर रोजी गिटहबने प्रकल्प पुन्हा खुला केला. वादग्रस्त चाचण्या काढून टाकण्यात आल्या. विकासकांच्या कायदेशीर बचावासाठी गिटहबने १० लाख डॉलरचा निधीही जाहीर केला.

१०/ वाद तेथेच मिटला नाही. २०२३ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्गच्या न्यायालयाने यूट्यूब-डीएलच्या संकेतस्थळाला जागा देणाऱ्या कंपनीविरुद्ध निकाल दिला. एकाच आज्ञावलीबाबत अटलांटिकच्या दोन तीरांवर दोन भिन्न निष्कर्ष निघाले.

११/ या आज्ञावलीचा उपयोग गाणी फुकट मिळवण्यासाठी होतो, हे नाकारता येत नाही. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०१७ मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित यंत्रणेने सीरियातील युद्धाचे असंख्य व्हिडिओ हटवले. त्यांत संभाव्य युद्धगुन्ह्यांचे पुरावे होते. ‘सीरियन अर्काइव्ह’सारख्या गटांनी आधीच प्रती जतन केल्या होत्या, म्हणून त्यातील काही भाग वाचला.

१२/ ताम्रपट राजाने दिला तरी तो जपला घराण्यांनी; बखरी टिकल्या त्या नकलांमुळे. आपल्या काळाची साधने काही मोजक्या कंपन्यांच्या सर्व्हरवर आहेत आणि ती एका रात्रीत नाहीशी होऊ शकतात. यूट्यूब-डीएलची शेवटची नियमित आवृत्ती डिसेंबर २०२१ मधील आहे. त्यातूनच फुटलेली वायटी-डीएलपी ही शाखा आज ते काम पुढे नेत आहे. प्रत ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हा १९७६ मधील प्रश्न अजूनही निकाली निघालेला नाही.

(समाप्त)