अंजुमनची शाळा आणि मास्तरांची चौकशी

वऱ्हाडातील मुस्लिमांच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना आपल्याकडे शाळा कोणी काढली, जागा कोणी दिली, चंदा कोणी गोळा केला याची आवर्जून नोंद होते. ती व्हायलाच हवी. पण त्याच शाळांतून कोणत्या मास्तरांना काढले, कोणत्या आरोपावरून आणि कशा रीतीने काढले, हे कोणी लिहीत नाही. आम्हाला हाही इतिहास तितकाच महत्त्वाचा वाटतो. संस्था आपल्या माणसाला शिक्षा कशी करते, यावरून तिची नियत कळते.

वऱ्हाडचा कारभार अनेक हातांतून गेला. १८५३ साली निजामाकडून तो इंग्रजांकडे आला, १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. सरकारे बदलली, पण खाजगी शाळेतल्या मास्तरांची स्थिती बराच काळ फारशी बदलली नाही. माध्यमिक शाळा संहितेत सेवेचे नियम होते. मात्र ती संहिता म्हणजे कायदा नव्हे, प्रशासकीय सूचना. संस्थेने नियम मोडला तर मास्तराने दाद मागायची कुठे, हा प्रश्न उरतच असे. सदरसाहेब किंवा सेक्रेटरी नाराज झाले, की नोकरी गेली. ही गोष्ट काही आपल्याच संस्थांची नव्हती. सर्व समाजांच्या संस्थांत हाच रिवाज होता.

हे चित्र पालटले ते १९७७ च्या महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती कायद्याने. त्याचा अंमल १५ जुलै १९८१ रोजी सुरू झाला आणि त्याच वर्षी नियमही आले. शाळेला अनुदान असो वा नसो, कायदा लागू. कायदा करणाऱ्यांना संस्थांची रीत किती नेमकी ठाऊक होती, हे राजीनाम्याच्या कलमावरून दिसते. कर्मचाऱ्याने राजीनामा दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही आणि तारीख घालावी, एक प्रत रजिस्टर टपालाने पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी. नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवण्याची चाल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कलमाचे मोल वेगळे सांगायला नको.

बडतर्फीसाठी नियमांनी चार कारणे ठरवली: गैरवर्तन, नैतिक अधःपतन, कर्तव्यात जाणूनबुजून हयगय आणि अकार्यक्षमता. विद्यार्थी किंवा विद्यार्थिनीशी असभ्य वर्तन हे नैतिक अधःपतनात येते. वारंवार सांगूनही अभ्यासक्रम पुरा न करणे हे अकार्यक्षमतेत. ताकीद, ठपका, वेतनवाढ रोखणे, पदावनती, बडतर्फी अशी शिक्षेची चढती पायरी आहे. मोठ्या शिक्षेपूर्वी तीन जणांच्या समितीने चौकशी करायची. शिक्षकाच्या चौकशीत एक सदस्य व्यवस्थापनाचा, एक त्या शिक्षकाने सुचवलेला आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. आरोप लेखी द्यायचे, त्यावर खुलासा घ्यायचा, साक्षीदारांची उलटतपासणी होऊ द्यायची. निलंबनाच्या काळात निर्वाह भत्ता द्यायचा, कारण उपाशी माणूस स्वतःचा बचाव करू शकत नाही.

यानंतरही अन्याय झाला, तर आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतली कित्येक प्रकरणे अमरावतीच्या न्यायाधिकरणापुढे आणि तिथून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेली आहेत.

इथे आपल्या संस्थाचालकांकडून एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: ‘‘आमची संस्था अल्पसंख्याक आहे. घटनेच्या तिसाव्या कलमाने आम्हाला शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे. आमच्या मास्तराचे काय करायचे ते आम्ही पाहू.’’ हा समज चुकीचा आहे. १९७७ च्या कायद्याने अल्पसंख्याक शाळेला सूट दिली आहे ती मुख्याध्यापकाच्या आणि नावे कळवलेल्या आणखी तिघांपर्यंत व्यक्तींच्या भरतीपुरती. काढण्याची मोकळीक त्यात नाही. शाहजहानपूरच्या गांधी फैज-ए-आम कॉलेजच्या खटल्यात प्राचार्य आणि ज्येष्ठ शिक्षक यांना व्यवस्थापनात घेण्याला संस्थेचा विरोध होता. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताने फेटाळला. ३१ ऑक्टोबर २००२ रोजी टी. एम. ए. पै प्रकरणात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने दोन्ही बाजू नीट मांडल्या. कारवाईसाठी सरकारची पूर्वपरवानगी नको, पण खात्यांतर्गत चौकशी हवी आणि कर्मचाऱ्याला दाद मागायला न्यायाधिकरण हवे.

तिसावे कलम बहुसंख्येच्या दडपणापासून आपले रक्षण व्हावे म्हणून आले. त्याच कलमाच्या आड उभे राहून आपण आपल्यातल्याच एका दुबळ्या माणसाला त्याचे म्हणणे न ऐकता काढणार असू, तर त्या हक्काची इज्जत आपणच घालवतो.

संस्थाचालकांचीही एक बाजू आहे आणि ती खरी आहे. वर्गावर न जाणारे, राजकीय ओळखींवर तगलेले, मुलांचे नुकसान करणारे मास्तर आहेत. पण अशांना वाचवते कोण? बहुतेकदा संस्थेची घाई. समिती नीट नेमली नाही, आरोप मोघम ठेवले, खुलाशाला वेळ दिला नाही, की आदेश रद्द होतो. मग खरोखर दोषी असलेला माणूस हार घालून शाळेत परत येतो आणि मागच्या पगाराचा बोजा संस्थेवर पडतो. ज्या मुलीने किंवा मुलाने हिंमत करून तक्रार केली, त्यांनी कोणाकडे पाहायचे? नियमाने केलेली चौकशी ही मास्तरावरची मेहरबानी नव्हे, तो मुलांचाही हक्क आहे.

मुलांच्या मारहाणीचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करते आणि मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई सांगते. परंतु ६ मे २०१४ च्या प्रमती निकालाने हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असे ठरले. १ सप्टेंबर २०२५ रोजी अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या खटल्यात दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि मोठ्या पीठाच्या विचारासाठी प्रश्न सरन्यायाधीशांकडे पाठवला. आम्ही विचारतो, आपल्या मुलांच्या पाठीवरची छडी थांबवायला आपल्याला त्या पीठाची वाट कशाला पाहायला हवी? चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने ‘मुकद्दिमा’त लिहून ठेवले आहे की धाकात वाढलेले मूल खोटे बोलणे आणि लपवाछपवी शिकते. धाकात नोकरी करणाऱ्या मास्तराचेही तेच होते.

अमरावती-अकोल्याच्या आपल्या संस्थांकडून आमची अपेक्षा फार मोठी नाही. १९८१ च्या नियमांची प्रत उर्दूत आणि मराठीत शिक्षकांच्या खोलीत असावी. मुलांची तक्रार ऐकणारी व्यक्ती कार्यकारिणीबाहेरची असावी. कोऱ्या कागदावर सही कोणी मागू नये आणि कोणी देऊ नये. शाळा उभारणाऱ्या बुजुर्गांनी समाजापुढे हात पसरून पैसा जमवला, तो इल्मसाठी. त्या इमारतीत मास्तर आणि मूल या दोघांनाही आपले म्हणणे मांडता येईल, एवढी जागा असली पाहिजे.