बॉऽऽल!

एमसीजी म्हटलं की आपल्याला बॉक्सिंग डे कसोटी आठवते. पण मंडळी, हिवाळ्यात तिथे राज्य असतं ते 'फूटी'चं, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं. गंमत म्हणजे त्याचं मूळही क्रिकेटमध्येच आहे. थंडीत क्रिकेटवाल्यांची अंगं आखडू नयेत म्हणून एक फुटबॉल क्लब काढा, असं पत्र टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ साली वृत्तपत्रात लिहिलं. मे १८५९ मध्ये मेलबर्न क्लबने दहा नियम कागदावर उतरवले.

त्यातला धसमुसळेपणाचा नियम मला फार आवडतो. नडगीवर लाथ मारायची नाही, पण धक्का देणं आणि पाय घालून पाडणं चालेल! (पाय घालणं लवकरच बंद झालं.) थोडक्यात, अंगाला किती झोंबायचं हा वाद खेळाइतकाच जुना.

आजचा मुख्य वाद बॉल धरून ठेवण्याचा. बॉल सोडायची पुरेशी संधी मिळूनही खेळाडू पकडला गेला, तर त्याने तो ताबडतोब लाथेने किंवा मुठीने सोडायला हवा. नाहीतर पकडणाऱ्याला फ्री किक. संधी मिळालीच नसेल, तर सोडायचा प्रामाणिक प्रयत्न पुरतो. आता 'पुरेशी' आणि 'प्रामाणिक' मोजणार कोण? म्हणून तर टॅकल झाला की प्रेक्षक एका सुरात ओरडतात, "बॉऽऽल!"

मैदानावरचे अंपायर १९७६ मध्ये एकाचे दोन झाले, १९९४ मध्ये तीन, २०२३ मध्ये चार. डोळे वाढले, भांडणं होती तेवढीच राहिली. २०२० मध्ये हॉथॉर्नचे प्रशिक्षक अ‍ॅलस्टर क्लार्कसन वैतागले. संघाने ६९ टॅकल केले आणि बॉल धरल्याबद्दल एकही फ्री किक मिळाली नाही! त्यानंतर अंपायर कडक झाले. मे २०२४ मध्ये पुन्हा तेच, ऐन मोसमात बॉल सोडायचा वेळ कमी केला गेला. पुस्तकातले शब्द तेच, अर्थ मात्र महिन्याभरात वेगळा.

इथवर मी हे सगळं मजेत वाचत होतो. मग पॉली फार्मरपाशी आलो. हा या खेळातला दंतकथा झालेला माणूस २०१९ मध्ये गेला. पुढच्या वर्षी त्याच्या मेंदूच्या तपासणीत सीटीई सापडला. हा डोक्याला वारंवार बसलेल्या दणक्यांशी जोडलेला आजार. एएफएलच्या खेळाडूमध्ये त्याचं निदान होण्याची ती पहिलीच वेळ.

दोन्ही हात जखडून माणसाला खाली आपटलं की त्याला डोकं सावरता येत नाही. २०१७ मध्ये पॅट्रिक डेंजरफिल्डने मॅथ्यू क्रूझरला असंच पाडलं. क्रूझरला डोक्याची दुखापत झाली आणि डेंजरफिल्डवर एका सामन्याची बंदी आली. त्यामुळे ब्राउनलो पदकासाठी ३३ मतं मिळवूनही तो अपात्र ठरला. पण समजा क्रूझर कपडे झटकून उठला असता तर? शिक्षा ठरवताना धडक किती जबर होती हे पाहतात, आणि दुखापतीवरून त्याचा अंदाज बांधतात. मग तेच कृत्य नशिबावर सुटू शकतं.

माझं मत विचाराल तर फ्री किकमध्ये थोडं उन्नीस-बीस चालेल. शेवटी माणसंच शिट्टी वाजवतात. पण डोक्याच्या बाबतीत शिक्षा कृतीला हवी, परिणामाला नको. १८५९ मधल्या लोकांनी नडगीवर लाथ बंद करताना आधी कोणाची नडगी मोडते का, याची वाट पाहायची असं लिहिलं नव्हतं.

तुम्हाला काय वाटतं?