कसा, बटवा आणि खुर्दा

राज्यांचे खजिने कसे भरले आणि केव्हां रिते झाले, हें आमच्या इतिहासकारांनीं मोठ्या साक्षेपानें लिहून ठेविलें आहे. परंतु त्या खजिन्यांतून निघालेला पैसा शेवटीं ज्या चार बोटें कापडाच्या पिशवींत येऊन विसांवला, तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. मोहोर आणि होन हें राजांचें व सावकारांचें धन. पै-पैसा हें भाजीवालीचें, मोलकरणीचें आणि घरच्या गृहिणीचें धन. या दुसऱ्या धनाचें घर म्हणजे हातानें शिवलेला कसा किंवा बटवा. आज हें घर मोडत आलें आहे; म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

प्रथम शब्दांचा विचार करूं. कसा म्हणजे कमरेस बांधावयाची लांबट, अरुंद कापडी पिशवी. प्रवासास निघालेला मनुष्य ती वस्त्राच्या आंत बांधून निर्धास्त होई. बटवा त्याहून नाजूक. त्याचें तोंड दोरी ओढून मिटावयाचें, आंत कप्पे. एकांत सुपारी, दुसऱ्यांत लवंग-वेलची, तिसऱ्यांत सुटे पैसे. चंची ही पानतंबाखूची. आणि ज्यांस यांपैकीं कांहींच लाभलें नाहीं, त्यांस कनवट किंवा पदराची गाठ होतीच. सुट्या पैशास आमच्या भाषेंत खुर्दा, मोड, चिल्लर अशीं नांवें आहेत. आणि जिच्याहून हलकें नाणें नाहीं ती कवडी तर 'कवडीमोल', 'कवडीचुंबक', 'फुटकी कवडी' या शब्दांतून अजून जिवंत आहे. मालदीव बेटांतून येणाऱ्या या कवड्या बंगाल व ओरिसा प्रांतांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाजारांत चालत होत्या.

महाराष्ट्रांत लहान माणसाचें खरें नाणें म्हणजे शिवराई. एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशीं अक्षरें असलेला हा तांब्याचा पैसा. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ सालीं झाला. त्यांचा सोन्याचा होन आज अत्यंत दुर्मिळ आहे, पण शिवराई पुढें पेशवाईंतही पडत राहिली आणि इंग्रजी अमलांतही कित्येक वर्षें लोकांच्या हातीं खेळत होती. पेशवाईंत रुपयांचे प्रकार अनेक. अंकुशी, चांदवडी इत्यादि. ते बदलून घेतांना सराफ बट्टा कापी. ज्याच्या कशांत मोजकीच नाणीं, त्यास हा बट्टा अधिक जाचे, हें सांगावयास नको.

१८३५ सालीं कंपनी सरकारनें एकच रुपया ठरविला: वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा. रुपयाचे आणे १६, पैसे ६४, पया १९२. हें कोष्टक आमच्या आजोबांनीं छड्या खाऊन पाठ केलें. परंतु कोष्टकांत न दिसणारी एक गोष्ट आहे. तांब्याच्या पैशाचें वजन १०० ग्रेन होतें. म्हणजे रुपयाची पुरी मोड घेतली तर एका तोळ्याऐवजीं सुमारें साडेपस्तीस तोळे ओझें कमरेस लागे. श्रीमंताचा रुपया हलका आणि गरिबाचा रुपया जड, असा हा प्रकार होता. १९०६ सालीं कांशाचा ७५ ग्रेनांचा पैसा आला, तरी तें ओझें साडेसव्वीस तोळ्यांहून खालीं आलें नाहीं. असल्या भारास दुकानांतील शोभेची पिशवी काय पुरणार? म्हणून घरचीच शिवण भरंवशाची.

ती शिवण अगदीं साधी असे. खणाचा एखादा उरलेला तुकडा बाहेरून आणि जुन्या धोतराचें मऊ कापड आंतून घ्यावयाचें. आमटीची वाटी पालथी घालून तिच्याभोंवतीं दोन बोटें सोडून गोल आंखला कीं माप झालें. असे दोन गोल खणाचे व दोन अस्तराचे कापून, उलट बाजूनें खालचा अर्धा भाग शिवावयाचा. येथें नुसता धावदोरा चालत नाहीं. प्रत्येक टांका अर्धा मागें घेऊन उलटी टीप घालावी लागते, नाहींतर पैशांच्या भारानें शिवण उसवते. मग अस्तर आंत बसवून, तोंडाशीं कड दुमडून नेफा करावयाचा, आणि त्यांत दोन दोऱ्या परस्परविरुद्ध बाजूंनीं ओंवावयाच्या. म्हणजे दोन्ही ओढतांच तोंड घट्ट मिटतें. कप्पा हवा असल्यास अस्तराचा आणखी एक गोल मध्यें घालावा. शेवटीं मूठभर पैसे घालून बटवा उलटा धरावा आणि झटकावा. एकही पैसा पडला नाहीं, तर शिवणारी उत्तीर्ण झाली. मुलीस शिवण शिकवितांना पुष्कळ घरीं हाच पहिला पाठ असे. आणि त्यांतच तिला हिशेबाचाही पहिला पाठ मिळे.

पुढें नाण्यांनींच रूप बदललें. दुसऱ्या महायुद्धांत धातूची टंचाई झाली, बाजारांतून मोड नाहींशी झाली, आणि काठेवाड-राजपुतान्यांतील कांहीं संस्थानांनीं तर पैशाऐवजीं पुठ्ठ्याचीं व कागदाचीं कुपनें काढलीं. १९४३ सालीं मध्यें भोंक असलेला पैसा आला. वजन पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे १०० नवे पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैसा आणावयाचा कोठून? म्हणून एका आण्यास ६, दोहोंस १२, तिहींस १९ आणि चोहोंस २५ असें ठरलें. एकेक आण्याची वस्तु चार वेळां घेतली तर २४ पैसे, एकदम घेतली तर २५! या एका पैशावरून किती दुकानांत किती वाद झाले असतील, याची कल्पना वाचकांनींच करावी. १९६४ सालीं 'नवा' हा शब्द गळाला, आणि ३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याखालचीं सर्व नाणीं रद्द झालीं.

आमच्या घरांतील एका वृद्ध आजींचा खणाचा बटवा दोन कप्प्यांचा होता. एका कप्प्यांत घरखर्चाची मोड, दुसऱ्यांत त्यांची स्वतःची. पहिल्या कप्प्यांतून दुसऱ्यांत पैसा कधीं जात नसे. दुसऱ्यांतला मात्र अडीअडचणीस पहिल्यांत येई. त्यांच्या पश्चात् २०१२ सालीं तो बटवा उघडला, तेव्हां दुसऱ्या कप्प्यांत ७० पावल्या निघाल्या, साडेसतरा रुपये. कायद्यानें त्यांची किंमत शून्य झाली होती. त्या कशासाठीं जमविल्या, हें घरांत कोणासही सांगतां आलें नाहीं. जिवंतपणीं त्यांना कोणी विचारलेंच नव्हतें.

स्त्रीधनाची चर्चा आमच्या धर्मशास्त्रांत फार जुनी आहे. हिंदु विधवेस पतीच्या मिळकतींत हयातीपुरता वांटा १९३७ च्या कायद्यानें मिळाला, आणि पूर्ण मालकी १९५६ च्या कायद्यानें. परंतु हे कायदे होण्यापूर्वीं पिढ्यान्‌पिढ्या, ज्या बायकांच्या नांवें घर नाहीं, शेत नाहीं, त्यांच्या पूर्ण सत्तेखालीं एवढीच एक जागा होती: बटव्याचा दुसरा कप्पा. तिचें तोंड ओढणारी दोरी त्यांच्या हातांत होती.

२०१६ सालापासून यूपीआयची सोय झाली आहे आणि दूरध्वनीवरून पैसे देणें घेणें भाजीच्या गाड्यावरही चालतें. सुट्यांच्या ऐवजीं गोळी-चॉकलेट माथीं मारण्याचा दुकानदारांचा उपद्रव त्यानें कमी झाला, हें आम्ही आनंदानें मान्य करितों. आम्हांस जुन्याचा हट्ट नाहीं. पण ज्या घरांत एकच दूरध्वनी आहे आणि तो मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खिशांत आहे, त्या घरांतील बाईचा दुसरा कप्पा कोठें गेला, हा प्रश्न सोयीच्या कौतुकांत विसरूं नये. तिनें दहा रुपये कोणास दिले, हें आतां तिच्याआधीं दुसऱ्यास कळतें.

म्हणून आमची सूचना लहानशीच आहे. घरांतील मुलामुलींस, दोघांसही, एक बटवा शिवावयास शिकवावा. त्यांत चार नाणीं घालावीं. आणि त्यांतील एक कप्पा त्यांचा स्वतःचा आहे, तो आपण उघडणार नाहीं, असें त्यांस सांगावें. आणि घरांत आजी असेल, तर तिच्या कप्प्यांत काय आहे व तें कशासाठीं आहे, हें ती आहे तोंवर, तिची मर्जी असल्यास, विचारून घ्यावें.