गिरणी गेली, गाळ राहिला

ओढा म्हटला की दोन्ही बाजूंना उभे काठ आणि मधून वळणे घेत जाणारे पाणी, हेच चित्र माझ्या डोळ्यांसमोर येते. पूर्व अमेरिकेतले असे ओढे भूशास्त्रज्ञही अनेक वर्षे निसर्गाचीच घडण मानत होते. 2008 साली पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरच्या रॉबर्ट वॉल्टर आणि डोरोथी मेरिट्स यांनी 'सायन्स' नियतकालिकात सांगितले, की यांतले बरेच काठ पाणगिरण्यांची देणगी आहेत!

1840 च्या जनगणनेत तिथे 65 हजारांहून अधिक पाणगिरण्या होत्या. गिरणी आली की बांध आला. वसाहतवाल्यांनी राने तोडून नांगर फिरवला होता. डोंगरावरची माती बांधामागच्या संथ पाण्यात बसत गेली, कुठे एक मीटर तर कुठे पाच. पुढे गिरण्या बंद पडल्या, बांध फुटले, आणि ओढ्याने तो गाळ खोल कापून काढला.

शहरांनी यात भर घातली. बाल्टिमोरचे प्राध्यापक गॉर्डन वोल्मन यांनी 1967 मध्येच दाखवले होते, की बांधकामे चालू असताना ओढ्यात मातीचा लोंढा येतो. पण एकदा डांबर-काँक्रीट झाले की माती कमी, पाणी मात्र जास्त. ते पाणी मग ओढ्याचेच काठ खाते. (गंमत अशी, की काठांविषयीची जुनी समजूत रुजवणाऱ्यांत वोल्मनही होते.) खोल ओढ्यातला पूर बाहेर पसरू शकत नाही, त्यामुळे सारा जोर काठांवरच येतो.

लँकेस्टरजवळच्या बिग स्प्रिंग रन या ओढ्यावर 2011 मध्ये 20 हजार टनांच्या आसपास जुना गाळ खणून काढला. खाली मूळची काळी पाणथळ माती निघाली. आता थोडे पाणी वाढले तरी ते सखल गवताळ पूरमैदानावर पसरते, संथ होते आणि माती तिथेच टाकते. ढासळायला उंच काठच उरले नाहीत, म्हणून खाली चेसापीक उपसागराकडे जाणारा गाळही बराच घटला. पाणी पसरून संथ झाले की गाळ बसतो, हे खाजन कसणाऱ्या आमच्या पूर्वजांना कुणी शिकवावे लागले नसते.

मात्र तिथे गाळ खणायला मोकळी जमीन होती. भर शहरात काठाला लागून घरे, रस्ते, मलवाहिन्या असतात. तिथे काठ उतरवायचा तर आधी हे सारे हलवावे लागते, आणि बहुतेक नगरपालिका मग दगडांची भिंत बांधून मोकळ्या होतात.