सकाळी ७.९, रात्री ८.३

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची एक वही आहे. तिच्यात रोज दोन आकडे पडतात. एक सकाळी दिवे लावायच्या आधीचा पीएच, दुसरा रात्री दिवे मालवायच्या आधीचा. सकाळी ७.९ च्या आसपास, रात्री ८.३ च्या आसपास. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ७.९. महिनोन्‌महिने हेच. नवीन टाकी घेतलेले मित्र काळजीने विचारतात, "अरे, पाणी रोज रात्री बिघडतंय, काय टाकू?" आणि घरचे विचारतात, "रोज तेच आकडे येतात तर लिहितोस कशाला?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं इतिहासात आहेत असं मला वाटतं. म्हणून आज जरा मागे जाऊया.

आधी थोडं रसायनशास्त्र. घाबरू नका, शाळेतलंच आहे. पीएच म्हणजे माती परीक्षणाच्या कागदावर ज्याला सामू म्हणतात तोच. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. समुद्राचं पाणी किंचित आम्लारी असतं. दिवसा उजेडात टाकीतलं शेवाळ, आणि प्रवाळाच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरतं. दिवे गेले की ते काम थांबतं, श्वास मात्र सगळ्यांचाच चालू राहतो. मासे, प्रवाळ, जिवाणू आणि शेवाळसुद्धा. हा वायू पाण्यात साठतो, त्याचं सौम्य आम्ल होतं आणि सामू उतरतो. ७.९ आणि ८.३ मधला फरक क्षुल्लक दिसतो, पण ही मोजपट्टी लॉगॅरिदमची आहे. पाण्यातले हायड्रोजन आयन तेवढ्यात अडीचपट होतात.

दिवस आणि रात्र यांतला हा फरक पहिल्यांदा नीट दाखवला तो यान इंगेनहाउस या डच डॉक्टरने, १७७९ साली. प्रीस्टलीने त्याआधीच दाखवलं होतं की झाडं हवा 'शुद्ध' करतात. इंगेनहाउसने पाण्यात बुडवलेल्या पानांवर शेकडो प्रयोग करून सांगितलं, की हे फक्त उन्हात होतं, अंधारात झाडंही हवा बिघडवतात. रात्री झाडाखाली झोपू नये असं आपल्याकडे आज्ज्या सांगायच्या, ते आठवलं ना?

मग आली १८४६ साल आणि अ‍ॅना थिन. या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ थेट लंडनला नेलं. प्रवासात हिंदकळू नये म्हणून सुईदोऱ्याने ते स्पंजाला शिवून! लंडनला रोज ताजं समुद्राचं पाणी कुठून आणणार? मग उघड्या खिडकीसमोर उभं राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राहायचं, अशी युक्ती त्यांनी काढली. बहुतेक ओतणं त्यांच्या कामवाल्या मुलीने केलं. पुढे त्यांनी पाण्यात समुद्री शेवाळही ठेवलं. त्यांचा हेतू पाण्यात ताजी हवा मिसळण्याचा होता. पण त्या ओतण्याने साठलेला कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडत असणार, म्हणजे सामू वर येत असणार. सामू हा शब्द जन्मायला अजून त्रेसष्ट वर्षं होती.

१८५० मधे लंडनच्याच रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा 'समतोल' असलेली गोड्या पाण्याची टाकी मांडून दाखवली. १८५३ मधे रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, १८५४ मधे फिलिप गॉस यांचं 'द अ‍ॅक्वेरियम' आलं आणि इंग्लंडमधल्या घरोघरी काचेच्या टाक्यांचं वेडच पसरलं. या सगळ्यांनी आकड्याशिवाय टाक्या सांभाळल्या. पाण्याचा रंग, वास, मासा वर येऊन तोंड उघडतोय का, एवढंच बघून.

आकडा आला तो बिअरच्या कारखान्यातून! कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सन विकरांवर काम करत होते. दशांशानंतर शून्यांची रांग लिहिण्यापेक्षा सोपं काहीतरी हवं म्हणून १९०९ मधे त्यांनी पीएच ही पट्टी काढली. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि पालिट्श यांनी समुद्राच्या पाण्याचा पीएच मोजायची पद्धतही दिली. सुटसुटीत यंत्र यायला मात्र १९३४ उजाडलं. कॅलिफोर्नियातल्या लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजायचा होता आणि रसातल्या गंधकाच्या वायूने लिटमसचा रंगच उडायचा, म्हणून अर्नोल्ड बेकमन यांनी ते मित्रासाठी बनवलं. पुढे ही यंत्रं स्वस्त होत होत आमच्यासारख्या हौशी लोकांच्या कपाटापर्यंत पोचली.

आणि आकड्याबरोबर काळजीही घरात आली. सकाळी ७.९ दिसलं की हात पावडरच्या डब्याकडे जातो. पावडरने पाण्याची अल्कता वाढते, पण रात्रीचा श्वास काही थांबत नाही. दुसऱ्या सकाळी आकडा पुन्हा खालीच. मग आणखी एक चमचा. अशाने चांगल्या टाक्या गढूळ होऊन मेल्याचं मी पाहिलं आहे.

ज्यांना दुखणं नेमकं कळलं त्यांनी वेगळे उपाय काढले. पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात टाकीत चुन्याची निवळी घालायची पद्धत रूढ केली. शाळेत नळीने फुंकर मारून दुधाळ केलेली ती निवळीच! तिथे ती कार्बन डायऑक्साइड ओळखायची, इथे ती तो पकडते आणि प्रवाळाला कॅल्शियमही देते. म्हणून बरेच जण ती रात्री थेंब थेंब सोडतात. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर एडी यांनी दुसरी शक्कल वापरली. मुख्य टाकीत रात्र असताना शेजारच्या शेवाळाच्या ट्रेवर दिवे लावायचे. इथे रात्र तर तिथे दिवस. इंगेनहाउसचा प्रयोग दोन पाळ्यांत!

सगळ्यात साधा उपाय अजूनही थिनबाईंचाच आहे. गणपतीत आमचं घर पाहुण्यांनी भरतं, पावसामुळे खिडक्या बंद असतात, आणि माझा सकाळचा आकडा ७.८ च्याही खाली जातो. तुम्हा सगळ्यांचा श्वास टाकीत उतरतो हो! :-) मी फक्त खिडकी उघडतो.

आता वही कशाला, ते सांगतो. १९५५ मधे चार्ल्स कीलिंग हा तरुण शास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात बिग सरच्या जंगलात मुक्काम ठोकून दर काही तासांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजत होता. रात्री आकडा चढायचा, दुपारी उतरायचा. आमच्या टाकीसारखंच. पण दुपारचा आकडा ठिकठिकाणी जवळपास एकच येई, दहा लाखांत सुमारे ३१० भाग. १९५८ पासून हवाईच्या मौना लोआवर त्याची अखंड नोंद सुरू झाली आणि दिसलं, की रोजच्या आणि ऋतूंच्या चढउताराखाली एक रेघ फक्त वरच चालली आहे. २०१३ मधे तिने ४०० ओलांडले.

त्यातला बराच वायू समुद्र पितो. औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी सामू ८.२ च्या आसपास होता, आता तो ८.१ च्या आसपास आहे. कॅल्डेरा आणि विकेट यांनी २००३ मधे 'नेचर'मधल्या छोट्याशा लेखात याचा इशारा दिला. मला लोक विचारतात, "तुझ्या टाकीत रोज ०.४ चा फरक पडतो, मग समुद्राच्या ०.१ चं एवढं काय?"

फरक इतकाच, की माझा ०.४ सकाळी जातो आणि संध्याकाळी परत येतो. तो श्वास आहे. समुद्राचा ०.१ परत आलेला नाही. आणि समुद्राला उघडायला खिडकी नाही.

जाणारं कुठलं आणि परत येणारं कुठलं, हे एका दिवसाच्या आकड्यावरून कधीच कळत नाही. त्यासाठी रोज तेच आकडे कंटाळा न करता लिहावे लागतात. तुमच्यापैकी कुणाकडे टाकी असेल तर पावडरचा डबा वर ठेवा आणि आधी एक वही घ्या. महिन्याभराचे आकडे जमले की मला जरूर कळवा.